मोठ्या टायरांची प्रदक्षिणा

आमच्या जीपला उजवीकडे वळता येत नव्हते, ही अफवा आहे. तिला उजवीकडे वळता येत होते; फार वळता येत नव्हते, इतकेच.

या दोन विधानांतला फरक माझा पुतण्या मंदार याला समजत नाही. तो बँकेत अधिकारी आहे. बारसे असो, मुंज असो, कोठेही चार पाने मांडली गेली की हा गृहस्थ आपोष्णी घेण्याआधी त्या जीपची हकीकत सांगू लागतो, आणि दर खेपेस तीत टायर चार बोटे वाढतात व माझी अक्कल तितकीच कमी होते. परवाच्या एका साखरपुड्यात तर त्याने ते टायर ट्रॅक्टरचे होते असे ठोकून दिले! उभी हयात सरकारी शाळेत भूमिती शिकवलेल्या मनुष्याविषयी असली बेमाप विधाने खपवून घेणे मला शक्य नाही. म्हणून खरी हकीकत लिहून ठेवतो. ज्यांना खोटी हवी असेल त्यांनी मंदारच्या पंक्तीला बसावे.

आमचे पूर्वज दरबारी फडावर कारकुनीसाठी दक्षिणेतून उज्जैनीस आले. (मंदार त्यांना सरदार म्हणतो. ते कारकून होते. अक्षर मात्र सुरेख असावे.) भैरवगढच्या पलीकडे, एका नाल्यापार, त्यांना थोडी जमीन मिळाली आणि तिच्यात त्यांनी आमच्या देवीचे लहानसे देऊळ बांधले. पुढे जमीन गेली, देवी राहिली. दर श्रावणात घरच्या माहेरवाशिणीने तिला पुरणाचा नैवेद्य न्यावा असा कुळाचार आहे, आणि त्याला एक अट आहे. माहेरवाशिणीने वाहनातूनच देवीला पाच प्रदक्षिणा घालायच्या आणि त्यानंतरच जमिनीला पाय लावायचा. लेक सासरहून मानाने, वाहनात बसून आली आहे, हे देवीने आधी आपल्या डोळ्यांनी पाहावे, हा त्यातला भाव. आमची आजी बैलांच्या दमणीत बसून प्रदक्षिणा घालीत असे. पुढे टांगा आला, त्यानंतर मोटार.

सध्या घरात माहेरवाशीण एकच उरली आहे. माझी थोरली बहीण, आक्का. ती ऐंशीच्या पुढे गेली असून मुलापाशी इंदूरला राहते. गुडघे गेले आहेत. जीभ शाबूत आहे. या हकीकतीच्या आदल्या श्रावणात तिला भाड्याच्या मोटारीतून नेले, तर मोटार नाल्याच्या अलीकडेच काळ्या मातीत पोटापर्यंत रुतली. आक्काने नैवेद्याचे ताट मांडीवर धरून तेथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले आणि परतताना ती वाटभर एक अक्षरही बोलली नाही. (आक्का बोलत नाही तेव्हा माणसे घाबरतात.) घरी आल्यावर तिने एवढेच सांगितले, "दिगू, पुढच्या श्रावणाला मी असेन-नसेन. पण देवीला सांगून ठेवलंय मी, दिगू आणील म्हणून."

आता देवीपाशी माझे नाव परस्पर देण्यात आल्यावर मला माघार घेता येणार होती काय?

त्या वर्षी मंदारने एक जुनी, चारही चाकांना जोर मिळणारी जीप घेतली होती आणि कोणा मित्राच्या नादाने तिच्या स्प्रिंगांखाली काही बसवून ती वीतभर उंच करून घेतली होती. टायर मात्र पूर्वीचेच. ती उंच जीप त्या टायरांवर उभी राहिली म्हणजे एखाद्या पैलवानाने भाचीच्या चपला घातल्यासारखी दिसे.

"काका, टायर बदलायचे आहेत," मंदार म्हणाला. "तुम्ही नका टेन्शन घेऊ. मी बघून घेतो."

माझ्या हयातीत 'मी बघून घेतो' असे म्हणून ज्यांनी काही पाहिले, त्यांनी ते कधीच नीट पाहिलेले नाही. टायरांचा प्रश्न मी स्वतःकडे घेतला.

आणि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. टायर ही वस्तू इतकी विलक्षण असेल अशी मला कल्पना नव्हती! जन्मभर मी टायर पाहत आलो, पण वाचला कधी नव्हता. त्याच्या कुशीवर तीन आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, पण ती उंची रुंदीच्या टक्केवारीत. तिसरा आतल्या लोखंडी कड्याचा, आणि तो इंचांत! एका वर्तुळाच्या अंगावर तीन वेगवेगळ्या मापनपद्धती गुण्यागोविंदाने नांदताना मी प्रथमच पाहिल्या. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला बाकावर उभा केला असता. शिवाय प्रत्येक टायरवर तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात जन्मला, तेही छापलेले असते. आमच्या आक्काला स्वतःची जन्मतिथी ठाऊक नाही. टायरला ठाऊक आहे!

मला झोप येईना. (दुपारची. रात्रीची मला व्यवस्थित येते.) मी पत्नीच्या शिवणकामाच्या डब्यातली फीत घेतली आणि देवास गेटच्या बसतळावर जाऊन उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर मोजू लागलो. एका मालवाहू गाडीच्या चाकाला फीत गुंडाळली, तो वरून ड्रायव्हरने डोके काढले.

"क्या बाऊजी? टायर का कुर्ता सिलवा रहे हो?"

"नहीं. मैं देख रहा हूँ कि कीचड़ में कौन-सा टायर चलता है."

"कीचड़ में?" त्याने वाकून फीत पाहिली. "कीचड़ में तो बाऊजी, ट्रैक्टर चलता है."

याच वाक्याचा मंदारने पुढे विपर्यास केला आहे. ट्रॅक्टरचे टायर घ्यावेत असे मी कधीही सुचवले नाही. मी केवळ एका ट्रॅक्टरशेजारी बराच वेळ उकिडवा बसलो होतो.

तेथे बसून मला मर्म कळले. आमच्या माळव्यातल्या काळ्या मातीत साधा टायर चार हात गेला की त्याचा गुलाबजाम होतो: काळा, गोल आणि गुळगुळीत. खाचांत माती भरते आणि टायर जागच्या जागी गरगरू लागतो. चिखलासाठी बनवलेल्या टायरला मात्र मोठाले गठ्ठे असतात व त्यांच्यामधल्या खाचा इतक्या रुंद व खोल असतात की चाक फिरताच माती आपोआप बाहेर फेकली जाते. टायर स्वतःच स्वतःची जीभ खरवडतो! शिवाय टायर जितका उंच, तितके गाडीचे पोट जमिनीपासून दूर. निष्कर्ष स्वच्छ होता. गठ्ठ्यांचा टायर घ्यावा आणि मोठा घ्यावा.

मंदारला घेऊन नानाखेड्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन मापे समोर ठेवली. एक मोठे आणि एक त्याहून मोठे.

"बाऊजी, ये बड़ावाला लो. गाड़ी शेर दिखेगी, शेर!"

"दिखने से क्या होता है? इसका जन्म कब का है? खाँचे की गहराई कितनी है? ज़मीन पर इसका कितना हिस्सा टिकता है? बोझ पड़ने पर कितना दबता है?"

दुकानदाराने मंदारकडे पाहिले. "भिया, बाऊजी टायर ले रहे हैं कि लड़की दे रहे हैं?"

"काका," मंदार हलक्या आवाजात म्हणाला, "एक साईज कमी घेऊन घेऊ ना. इतका मोठा घेतला की फालतूमध्ये कुठेतरी रगडेल."

"कोठेतरी म्हणजे कोठे?"

"कुठेही! वळताना चाक तिरपं होतं ना, काका. बाजूला काही आलं की लागतं त्याला."

"'कोठेही' हे भूमितीत स्थान नाही," मी म्हणालो आणि दुकानदाराला थांबायला सांगून मोठ्या टायरचे माप घेऊन घरी आलो. (येथवर सर्वांच्या हकीकती जुळतात.)

आमच्याकडे कपडे धुण्याच्या यंत्राचे खोके पडले होते. त्यातून मी टायरच्या मापाचे वर्तुळ कापले, चाकाच्या जागी धरले आणि मंदारला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे फिरवायला लावले. चाकाबरोबर मी पुठ्ठाही फिरवला. डावे चाक झाले, उजवे झाले. कोठेही काहीही लागले नाही.

"काका, पुठ्ठा आहे तो! लागला तर वाकून जाईल."

"वाकला नाही."

"अहो, वाकला होता," माझी पत्नी कुमुद स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "मी पाहिला ना."

तो वाकला नव्हता. जरासा नम्र झाला होता. शिवाय पुढे जे घडले त्याचा त्या जागेशी काहीही संबंध नसल्याने हा मुद्दा मी येथेच जिंकून पुढे जातो.

मोठे टायर बसले. कॉलनीतली माणसे पाहायला आली. जीप खरोखर भव्य दिसत होती. (तिचे वेगाचे मीटर आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवी, कारण मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. हा विनय मला आवडला.) आणि दुसऱ्या दिवशी, नैवेद्याच्या आदल्या दुपारी, इंदूरहून आक्का आली. फाटकातच थांबून तिने जीपकडे खालून वर पाहिले.

"दिगू, हे काय रे? गाडीवर माडी चढवलीस की काय?"

"आक्का, ही चिखलात अडकणार नाही."

"अडकेल कशी? मी चढले तर निघेल ना!"

हा विचार आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. स्टूल आणले, ते डुगडुगले. तांदळाचा डबा उपडा घातला. कुमुदने तो काढून घेतला. मंदार बाह्या सरसावून म्हणाला, "आत्या, मी उचलून बसवून देतो तुम्हाला."

"उचलून? मी काय पोतं आहे? देवीपुढे मी पोत्यासारखी जाऊ?"

मंदारला बँकेत जाणे भाग होते. तो गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला घरी बोलावले आणि आक्का ज्या बाजूने चढणार त्या डाव्या बाजूस, पुढच्या चाकाच्या लगेच मागे, एक भक्कम लोखंडी पायरी जोडून घेतली. तेथेच का? तर आक्काचा पाय तेथेच पडत होता. मी खडूने खूण केली होती. पायरी आणि चाक यांच्यात चार बोटांचे अंतर मी जातीने राखले. काळा रंगही दिला. आक्का संध्याकाळी दोन्ही हातांनी दांडा धरून एकटी वर चढली, सीटवर बसली आणि म्हणाली, "हां. आता कसं."

आयुष्यात मला पुष्कळ प्रशस्तिपत्रे मिळाली. एवढे छोटे व एवढे गोड कोणतेच नव्हते.

मंदार परतला आणि त्याने वाकून पाहिले. "काका, ही चाकाला नाही ना लागणार?"

यावर मी, "चाक चाकाच्या जागी आहे, पायरी पायरीच्या जागी," असे उत्तर दिल्याचे तो सांगतो. असे मी म्हटले असेन. ते त्या क्षणी सत्य होते. गाडी उभी होती.

सकाळी आक्का ताट मांडीवर घेऊन पुढे बसली, मंदार स्टिअरिंगवर, मी व कुमुद मागच्या बाकांवर समोरासमोर, आणि मध्ये पुरणाचे पातेले, तबक, पाट. मंदारने गाडी गल्लीच्या टोकाला नेऊन उजवीकडे वळवली.

खर्रर्रर्र!

मंदारने ब्रेक दाबला. पातेले माझ्या पायांवर आले. त्याने खाली उतरून पाहिले आणि परत येऊन, मला अत्यंत अनावश्यक वाटलेल्या शांतपणे, सांगितले, "काका, उजवीकडे वळवलं की डाव्या चाकाचा मागचा भाग बाहेर येतो आणि तुमच्या पायरीवर बसतो. चाक अटकतंय."

"पायरी काढून टाक ना मग," कुमुद म्हणाली.

"काकू, वेल्डिंग केलीय. हाताने थोडी निघेल? आणि वेल्डिंगवाला आता अकराच्या आधी येत नाही."

नैवेद्य दुपारपूर्वी पोहोचायला हवा होता. आक्काने मागे वळून पाहिले. ते पाहणे मागल्या श्रावणातले होते.

"डावीकडे वळते काय?" मी विचारले.

"डावीकडे मस्त वळते. चाक आत जातं ना."

"मग उजवीकडे वळण्याची आवश्यकताच काय?" मी म्हणालो. "तीन वेळा डावीकडे वळले असता एकदा उजवीकडे वळल्याचे फळ मिळते. हे सिद्ध करता येते."

मंदार सांगतो की हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. तो घाम पुसत होता.

आणि मी म्हणतो, सिद्धांत खरा ठरला की नाही? सरळ रस्त्याला अडचण नव्हती. उजवीकडची सौम्य वळणे जीप निमूट घेई. जेथे काटकोन येई तेथे आम्ही पुढे जाऊन डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे असे करून इष्ट रस्त्यास लागत होतो. गोंधळ झाला तो फक्त भैरवगढात. तेथे तिसऱ्या डावीकडे गल्लीच नव्हती! आम्ही त्याच चौकोनात फिरून फिरून एका रंगाऱ्याच्या अंगणासमोर येऊ लागलो. दोरीवर छापील चादरी वाळत होत्या. पहिल्या खेपेस त्या घरच्या बाईने आमच्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या खेपेस पाहिले. तिसऱ्या खेपेस ती कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली.

"बाऊजी, चादर लेनी है कि नज़र लगानी है?"

"बहनजी, हमको दाहिने जाना है," मंदार म्हणाला.

"तो जाओ नी! दाहिना उधर है!"

"गाड़ी नहीं मानती."

तिने जीपकडे पाहिले, आक्काकडे पाहिले, आणि सहानुभूतीने म्हणाली, "माताजी को उतार के रिक्शे में बिठा दो. माताजी तो मान जाएगी."

अखेर दोनदा मागेपुढे करून आम्ही बाहेर पडलो. आणि मग आला तो नाला! येथे मात्र माझ्या विरोधकांनाही मौन पाळावे लागते. मंदारने चारही चाकांचा जोर जोडला, जीप काळ्या मातीत उतरली आणि टायरांनी ती माती अशी चावून चावून मागे फेकली की कुमुदच्या नव्या साडीवर, माझ्या चष्म्यावर आणि पातेल्याच्या झाकणावर तिचे पुरावे उमटले. जीप डोलली, घुरघुरली, पण क्षणभरही थांबली नाही! मी उभा राहून मागे वाकून पाहत होतो. खाचा भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. ट्रॅक्टरशेजारी बसून मी जे तर्काने जाणले होते, ते डोळ्यांदेखत घडत होते.

"चष्मा पुसा," कुमुद म्हणाली, "आणि बसा खाली."

"दिगू, आणलंस रे!" पुढून आक्काचा आवाज आला. नाला मागे पडला होता. समोर निंबाखाली देऊळ दिसत होते. एका अंगाला जुनी विहीर, दुसऱ्या अंगाला निंब, आणि देवळाभोवती जेमतेम एक गाडी फिरेल एवढे, चिखलाने भरलेले अंगण. पुजारी छत्री घेऊन वाटच पाहत होता.

"घाला प्रदक्षिणा," मी विजयी स्वरात म्हणालो.

मंदार हलला नाही. त्याने इंजीन बंद केले, आरशातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, प्रदक्षिणा कोणत्या बाजूने घालतात?"

मी उजव्या हाताने हवेत एक फेरी काढून पाहिली.

देव नेहमी उजव्या हाताला असावा लागतो. म्हणजे फिरताना सतत उजवीकडे वळावे लागते. उज्जैनसारख्या क्षेत्रात जन्मून, जन्मभर देवळांना फेऱ्या घालून, आम्ही चार सुशिक्षित हिंदू माणसे अशी गाडी घेऊन प्रदक्षिणेला आलो होतो, जिला फक्त डावीकडे वळता येत होते!

मंदारने तरीही प्रयत्न केला. खर्रर्रर्र! जीप सरळ विहिरीकडे निघाली. पुजारी छत्री टाकून धावला.

"अरे भिया, कुएँ में नी, कुएँ में नी! और उल्टी परकम्मा मत लगाना, देवी को नी चलेगी!"

"आत्या, उतरता का?" मंदारने विचारले. "चालत एक फेरी, मी धरतो तुम्हाला."

"प्रदक्षिणेआधी मी पाय नाही टेकणार," आक्का म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. मांडीवरचे ताट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, मागल्या वर्षी नाल्याच्या काठी धरले होते तसेच. "इथवर आले. देवी दिसतेय मला. परत नका नेऊ रे."

आता पुढची कल्पना कोणाची, याबद्दल आमच्या घरात आजही तंटा आहे. मंदार म्हणतो त्याची. कुमुद म्हणते की तिने, "मागे मागे नाही का नेता येत?" असे विचारले. तिने विचारले असेल. पण विचारणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे! नैवेद्याच्या तबकातली सुपारी मी बॉनेटवर देवी म्हणून ठेवली, चष्म्याचे घर ही जीप, आणि सर्वांना दाखवले. जीप डावीकडे वळवून पुढे नेली तर ती देवीभोवती उलटी फिरते. पण चाके डावीकडेच वळवलेली ठेवून तीच जीप मागे नेली, तर ती त्याच वर्तुळावरून सुलटी फिरते! आणि मागे तोंड करून बसलेल्याच्या बरोबर उजव्या हाताला देवी येते!

"पीछे-पीछे?" पुजाऱ्याने सुपारीकडे पाहिले, जीपकडे पाहिले. "मुँह जिधर चले उधर हो, और देवी सीधे हाथ पे हो, तो फिर अपने को क्या."

प्रश्न एकच राहिला. आक्का पुढच्या सीटवर होती. तिला मागे आणायचे होते, तेही जमिनीला पाय न लावता.

मंदार काही बोलायच्या आत आक्काने ताट कुमुदकडे दिले आणि दोन्ही हात वर केले. "उचल रे मंदार. पोतं तर पोतं!"

दोन सीटांमधल्या फटीतून मंदारने तिला अलगद मागे आणले. मागच्या फळीशी पाट मांडून तिला मागे तोंड करून बसवले. कुमुद तिच्या शेजारी, तीही मागे तोंड करून. मंदार स्टिअरिंगवर, पण मान पुरती मागे वळवलेली. आणि मी? पुढची सीट रिकामी झाली होती. कोणीतरी निंबाकडे लक्ष ठेवणे आवश्यक होते, कारण गाडी मागे वळताना तिचे नाक बाहेर फिरते. शिवाय जन्मभर मुलांना पुढे बघा म्हणून सांगत आलेला मी मनुष्य. मी पुढे बसलो, ताठ.

गाडी मागे मागे निघाली. पहिल्या फेरीत आमच्या नाकाने निंबाची साल काढली. दुसऱ्या फेरीत काढायला साल उरली नव्हती. पुजारी गाडीच्या पाठीमागे घंटा वाजवीत, "आने दो, आने दो!" असे ओरडत चालला होता, जसा काही तो देवास गेटवर बस लावून घेत होता. आणि मागून आक्काचा आवाज येत होता. कसलीशी जुनी, आजी म्हणायची ती ओवी. तिचे अर्धे शब्द ती विसरली होती आणि विसरलेल्या जागी नुसती गुणगुणत होती. पाचवी फेरी पुरी झाली. आक्काने हात जोडले.

"पाहिलंस ना गं?" ती देवीला म्हणाली. "आले मी."

मंदारने नाक ओढले. (तो सर्दी म्हणतो. येथे मी त्याचे म्हणणे मान्य करतो, कारण मलाही त्याच वेळी सर्दी झाली होती.)

नैवेद्य झाला. मंदारने आक्काला देवळाच्या पायरीवर उतरवले आणि परत जीपमध्ये बसवले. पोळ्या वाढल्या गेल्या. मी पहिला घास उचलला, तोच कुमुद म्हणाली, "अहो, एक विचारू? आम्ही सगळे मागे तोंड करून होतो. तुम्ही पुढे तोंड करून होतात ना?"

"अर्थात."

"मग तुमच्या कोणत्या हाताला होती देवी?"

मी चष्म्याचे घर काढले, सुपारी शोधली. सुपारीची गरज नव्हती. उत्तर मला तोंडपाठ होते. मीच ते अर्ध्या तासापूर्वी सिद्ध केले होते. मी डाव्या हाताला देवी घेऊन, उलट्या तोंडाने, पाचही फेऱ्या पूर्ण केल्या होत्या!

"बाऊजी ने तो उल्टी लगा दी!" पुजाऱ्याने कानांना हात लावले.

"ठेव ती पोळी, दिगू," आक्का म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? ऊठ. पायी घाल. सुलट्या."

मी धोतर खोचले आणि अनवाणी त्या काळ्या मातीत उतरलो. पहिल्या पावलाला माझ्या तळव्याचा गुलाबजाम झाला. जीपमध्ये ते तिघे पोळीवर तूप घेऊन बसले होते.

"काका, लो गिअर टाका!" मंदार ओरडला.

"उजवीकडे, उजवीकडे!" कुमुद.

"घाई करू नकोस रे," आक्का म्हणाली, "आम्ही आहोत अजून. पोळ्या पुष्कळ आहेत."

त्या फेऱ्यांत मी दोनदा चिखलात बसलो, असे मंदार सर्वत्र सांगत फिरतो. हे सपशेल खोटे आहे. बसलो मी एकदाच. ज्याला तो दुसरी वेळ म्हणतो, तेव्हा मी पहिल्यातून उठलोच नव्हतो.